अमेरिकन साहित्यातले ‘इझम’ आहेत तरी काय?

४ जुलै १७७६ ला अमेरिकेनं स्वातंत्र्याची घोषणा केली, म्हणजे २०२६ हे त्या घोषणेचं अडीचशेवं वर्ष. असं निमित्त मिळालं की ‘अमेरिका घडवणारी पुस्तकं’ छापाच्या याद्यांचं पेव फुटतं. त्या याद्यांत ट्रान्सेंडेंटलिझम, नॅचरलिझम, मॉडर्निझम, हार्लेम रेनेसाँ हे शब्द असे भिरकावलेले असतात, जणू वाचक ते आईच्या पोटातूनच शिकून आलाय. इंग्रजी घेऊन एम.ए. करणारी मुलं सेट-नेटसाठी ते सनावळीसकट पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. बाकीचे तिथेच पान उलटतात.

खरं तर हे साहित्य आपल्याला इतकं परकं नाही. पुलंनी ‘एका कोळियाने’ लिहून हेमिंग्वेचा म्हातारा कोळी मराठीत आणला. दुर्गा भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’मधून थोरोला आणलं. अडतं ते या दोघांना कुठल्या रांगेत उभं करायचं, इथे.

## आधी लेखन की आधी लेबल?

साहित्यातली चळवळ म्हणजे साधारण एकाच काळात, साधारण एकाच प्रश्नाशी झगडलेले लेखक. ते एकमेकांचे मित्र असतीलच असं नाही. आपल्याला एका गटात बसवलंय, हे कित्येकांना कळलंही नाही, कारण तोवर ते वारले होते.

१८५० ते १८५५ एवढ्या अवधीत हॉथॉर्नचं ‘द स्कार्लेट लेटर’, मेलव्हिलचं ‘मोबी डिक’, थोरोचं ‘वॉल्डन’ आणि व्हिटमनचं ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ प्रसिद्ध झालं. या बहराला आज ‘अमेरिकन रेनेसाँ’ म्हणतात. ते नाव रूढ झालं एफ. ओ. मॅथिसन या हार्वर्डच्या प्राध्यापकाच्या ग्रंथामुळे, आणि तो ग्रंथ आला १९४१ मध्ये. तोवर या चौघांपैकी शेवटचा माणूस जाऊनही जवळपास पन्नास वर्षं झाली होती.

आपल्या स्वयंपाकघरात बोर्नव्हिटाच्या डब्यात हरभऱ्याची डाळ असते. घरच्यांचं त्यामुळे काही अडत नाही, पाहुणा मात्र फसतो. परक्या साहित्यात आपण पाहुणे असतो, म्हणून लेबल दिसलं की दोन गोष्टी विचाराव्यात: हे कुणी लावलं, आणि कधी? काही लेखकांनी स्वतःच जाहीरनामा काढून नाव घेतलं. काहींना समीक्षकांनी नाव दिलं. ‘ट्रान्सेंडेंटलिस्ट’सारखं नाव तर बऱ्याच अंशी चेष्टेतूनच चिकटलं. प्रत्येक लेबलाच्या पोटात मात्र एकच भांडण सापडतं: अमेरिकन म्हणून बोलण्याचा हक्क कुणाचा? पुढचं सगळं मी त्याच अंगानं सांगणार आहे.

## सुरुवात प्रवचनांपासून का होते?

युरोपीय येण्याआधी या खंडावर शेकडो भाषा होत्या, गाणी होती, उत्पत्तिकथा होत्या. पण त्या मौखिक होत्या, म्हणून जुन्या पाठ्यपुस्तकांनी त्यांना साहित्यात धरलंच नाही. त्यांची गोष्ट सुरू व्हायची प्युरिटनांपासून. प्युरिटन म्हणजे इंग्लंडमधल्या चर्चची आणखी शुद्धी व्हावी, असं मानणारे कडवे प्रोटेस्टंट. १६३० मध्ये त्यांची मोठी तुकडी मॅसॅच्युसेट्सला निघाली. आपण डोंगरावरचं शहर आहोत, सगळ्या जगाचे डोळे आपल्यावर आहेत, हे त्यांच्या नेत्यानं, जॉन विन्थ्रॉपनं, तेव्हाच बजावलं होतं. अमेरिकन राजकारण्यांच्या भाषणांत ते डोंगरावरचं शहर अजून डोकावतं.

या काळातलं बरंचसं लेखन प्रवचनं, रोजनिशा आणि पुढे राजकीय पत्रकं असं आहे. अभ्यासक सोडले तर ते आज फारसं कुणी वाचत नाही, त्यात वाचकाचा दोषही नाही. पण एक नाव लक्षात ठेवाच, फिलिस व्हीटली. पश्चिम आफ्रिकेतून लहानपणी पळवून आणलेली, बॉस्टनमध्ये विकलेली ही मुलगी. १७७३ मध्ये तिचा कवितासंग्रह निघाला, तोही लंडनमध्ये. ‘या कविता खरोखर हिच्याच आहेत’ असं बॉस्टनच्या प्रतिष्ठित गोऱ्या पुरुषांच्या सह्यांचं प्रमाणपत्र पुस्तकाच्या सुरुवातीला जोडावं लागलं.

## ट्रान्सेंडेंटलिझम: नाव मोठं, गोष्ट साधी

राजकीय स्वातंत्र्य मिळालं, पण लिहिणं-वाचणं इंग्लंडच्या वळणानंच चालू होतं. राल्फ वाल्डो इमर्सन या माणसानं १८३२ मध्ये चर्चमधली धर्मोपदेशकाची नोकरी सोडली आणि १८३६ मध्ये ‘नेचर’ हा छोटा ग्रंथ काढला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सत्य कळायला मधे पुरोहित लागत नाही, जुने ग्रंथ लागत नाहीत, युरोपची परवानगी तर मुळीच लागत नाही. माणसाच्या आत आणि निसर्गात एकच चैतन्य आहे, ते थेट अनुभवता येतं. यालाच ट्रान्सेंडेंटलिझम म्हणतात. आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल, आणि त्याला कारण आहे. इमर्सन आणि थोरो दोघांनीही भगवद्गीता इंग्रजीतून वाचली होती. इमर्सनची ‘ब्रह्मा’ नावाची कविताच आहे.

हेन्री डेव्हिड थोरो हा इमर्सनचा तरुण मित्र. ४ जुलै १८४५ ला, म्हणजे मुद्दाम स्वातंत्र्यदिनीच म्हणायला हरकत नाही, तो कॉनकॉर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपट्यात राहायला गेला. दोन वर्षांहून थोडा अधिक काळ तो तिथे राहिला. मधेच एक रात्र तुरुंगातही काढली. गुलामी पोसणाऱ्या आणि मेक्सिकोवर चालून जाणाऱ्या सरकारला कर देणार नाही, असा त्याचा हट्ट होता. त्यावरचा त्याचा निबंध गांधीजींनी पुढे वाचला, हे आपण शाळेत शिकतोच. तळ्यावरचा बर्फाचा किस्सा मात्र कमी जणांना ठाऊक असतो. त्या काळी बॉस्टनचे व्यापारी गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून जहाजानं कोलकाता, मद्रास, मुंबईपर्यंत विकायला पाठवत. वॉल्डनवरही बर्फ कापणारी माणसं आली. थोरो लिहितो की मी सकाळी गीता वाचतो, आणि माझ्या तळ्याचं पाणी तिकडे गंगेच्या पाण्यात मिसळतंय.

‘पण हे सगळं ढोंग होतं ना? जमीन इमर्सनची, गाव हाकेच्या अंतरावर, आणि जेवायला आईकडे!’ हा आक्षेप इंटरनेटवर दर महिन्याला नव्यानं उगवतो. जमीन इमर्सनची होती, हे खरं. गावात वरचेवर जात होतो, पाहुणे येत होते, हे थोरोनं स्वतःच पुस्तकात लिहिलंय. अरण्यात एकटा राहिलो असा दावा त्यानं केलेलाच नाही. जगायला कमीत कमी किती लागतं, हे त्याला पाहायचं होतं. त्यासाठी खिळ्यांपासूनचा खर्च त्यानं मांडून दाखवलाय. संन्यासी समजून वाचलं तर तो लबाड वाटणारच.

याच काळात काहींना हा उजळ आशावाद पटत नव्हता. माणसाच्या आत चैतन्याबरोबर अंधारही आहे, असं एडगर ॲलन पो, हॉथॉर्न, मेलव्हिल सांगत होते. त्याला ‘डार्क रोमँटिसिझम’ म्हणतात. इथे रोमँटिकचा प्रेमकथेशी संबंध नाही. तर्कापेक्षा भावना, कल्पना आणि व्यक्तीचा स्वतःचा अनुभव मोठा, एवढाच अर्थ. हॉथॉर्नचा एक पूर्वज १६९२ च्या सेलममधल्या चेटकीण-खटल्यांत न्यायाधीश होता. ते ओझं त्याच्या कथांतून कधी उतरलं नाही.

आणि एमिली डिकिन्सन? तिनं सुमारे १८०० कविता लिहिल्या. हयातीत जेमतेम दहाएक छापल्या गेल्या, त्याही नावाशिवाय. १८८६ मध्ये ती गेल्यावर संपादकांनी तिची विरामचिन्हं ‘सुधारून’ कविता छापल्या. तिची मोडकी-तुटकी, डॅशांनी भरलेली मूळ लय वाचकांना नीट मिळाली ती १९५५ मध्ये. कुठल्याही खणात ती बसत नाही. मला ती या सगळ्यांत सर्वांत आधुनिक वाटते.

## त्याच काळात, पण यादीबाहेर

मॅथिसननं आपल्या ग्रंथासाठी पाच लेखक निवडले: इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल, व्हिटमन. पाचही गोरे, पाचही पुरुष. त्याच काळात अमेरिका जे हमसून हमसून वाचत होती, ते हॅरिएट बीचर स्टोवचं ‘अंकल टॉम्स केबिन’ यादीत नव्हतं. १८५२ मध्ये निघालेल्या या कादंबरीच्या पहिल्याच वर्षी अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या होत्या.

फ्रेडरिक डग्लसही नव्हता. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला डग्लस १८३८ मध्ये पळाला. १८४५ मध्ये त्यानं आत्मकथन लिहिलं आणि त्यात मालकाचं, गावाचं नाव घेतलं. फरारी गुलामानं असं करणं म्हणजे स्वतःचा पत्ता छापण्यासारखंच. त्याला काही काळ ब्रिटन-आयर्लंडला जावं लागलं आणि मित्रांनी पैसे मोजून त्याला कायद्यानं मुक्त केलं. या प्रकाराला ‘स्लेव्ह नॅरेटिव्ह’ म्हणतात: गुलामीतून सुटलेल्यानं स्वतः सांगितलेली हकिगत. डग्लसच्या पुस्तकातला कळीचा प्रसंग मारहाणीचा नाही, अक्षरांचा आहे. मालकीण त्याला मुळाक्षरं शिकवू लागते आणि मालक तिला अडवतो: हा शिकला तर गुलाम राहणार नाही. त्या क्षणी आपल्याला सुटकेची वाट कळली, असं डग्लस लिहितो.

जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ चं. त्याची अर्पणपत्रिका गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना उद्देशून आहे. आपल्या बांधवांनाही ब्राह्मणी दास्यातून सोडवताना इथल्या लोकांनी तो कित्ता गिरवावा, अशी आशा तिच्यात आहे. मॅथिसनच्या कितीतरी आधी पुण्यात बसलेल्या एका माणसानं अमेरिकेचं नेमकं कुठलं पान उघडायचं हे ठरवलं होतं.

## रिअलिझम आणि नॅचरलिझम, एकच की वेगळे?

परीक्षेत हमखास गोंधळ इथे होतो. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानं लाखो माणसं मारली. त्यानंतर आत्म्याच्या गप्पा पोकळ वाटू लागल्या. रेल्वे, कारखाने, नवी शहरं आली. माणसं जशी दिसतात, बोलतात तशी लिहा, असा आग्रह सुरू झाला. हाच रिअलिझम. विल्यम डीन हॉवेल्स हा त्याचा संपादक-पुरस्कर्ता. मार्क ट्वेननं ‘हकलबेरी फिन’मध्ये एका उनाड, अर्धशिक्षित पोराच्या बोलीत अख्खी कादंबरी सांगितली, हा त्याचा कळस.

नॅचरलिझम त्याच्या पुढचा. फ्रेंच कादंबरीकार झोलाच्या वळणावर जाणारे स्टीफन क्रेन, फ्रँक नॉरिस, थिओडोर ड्रायझर म्हणू लागले की माणूस निवड करतोय असं आपल्याला वाटतं; खरं तर रक्त, भूक आणि परिस्थितीच त्याला ढकलत असते.

दोन प्रसंग शेजारी ठेवले की फरक कळतो. हकनं पळालेल्या गुलामाचा, जिमचा, ठावठिकाणा कळवणारं पत्र लिहिलेलं असतं. तो विचार करतो आणि नरकात जायची तयारी ठेवून पत्र फाडतो. निर्णय त्याचा. ड्रायझरच्या ‘सिस्टर कॅरी’त हर्स्टवूड मालकाच्या तिजोरीतली रक्कम हातात घेऊन घुटमळत असतो, चोरी करू की नको. तेवढ्यात तिजोरीचं दार आपसूक बंद होतं. रक्कम हातातच राहते. निर्णय कुणाचा? ड्रायझर उत्तर देत नाही.

## मॉडर्निस्ट मुद्दाम अवघड लिहितात का?

हो, थोडंफार मुद्दामच. पण आधी कारण बघू. पहिल्या महायुद्धानं प्रगती, धर्म, राष्ट्र या शब्दांतली हवा काढून टाकली. सुरुवात-मध्य-शेवट अशी नीट गोष्ट सांगणं म्हणजे जगाला अर्थ आहे असं गृहीत धरणं, आणि तेच तर आता पटत नव्हतं. म्हणून मॉडर्निस्टांनी रूपच मोडलं. टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’मध्ये (१९२२) आवाज मधेच बदलतात, भाषा बदलतात, कोण बोलतंय कळत नाही. फॉकनरच्या ‘द साउंड अँड द फ्युरी’चा (१९२९) पहिला भाग काळाचं भानच नसलेल्या बौद्धिकदृष्ट्या अपंग माणसाच्या मनातून येतो. मनात जसे विचार येतात तसेच कागदावर उतरवायच्या या रीतीला ‘संज्ञाप्रवाह’ म्हणतात.

एलियटबाबत मराठी वाचक सरासरी अमेरिकन विद्यार्थ्यापेक्षा दोन पावलं पुढे असतो, हे सांगायलाच हवं. तो हार्वर्डमध्ये संस्कृत शिकला होता. कवितेच्या शेवटी बृहदारण्यकातला ‘द द द’ येतो, ‘दत्त, दयध्वम्, दम्यत’ येतं, आणि कविता संपते तीन वेळा ‘शान्तिः’ म्हणून. तिकडच्या विद्यार्थ्याला तळटीप लागते. एलियट पुढे ब्रिटिश नागरिक झाला, त्यामुळे त्याला अमेरिकन म्हणायचं की नाही, हा वाद वेगळाच.

अवघडपणाच्या आक्षेपाला खरं उत्तर हेमिंग्वे देतो. त्याची वाक्यं चौथीतल्या मुलाला कळतील, तरी तो पक्का मॉडर्निस्ट. त्याच्या मते लेखन हिमनगासारखं असावं, आठवा हिस्सा वर, बाकी पाण्याखाली. ‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’ या कथेत एक जोडपं स्पेनमधल्या स्टेशनवर बसून गर्भपाताबद्दल बोलतं. तो शब्द कथेत एकदाही येत नाही. वरवर वाचलंत तर नुसतं बिअरचं बिल हाती लागतं.

## हार्लेम: वेगळा खण कशाला?

मॉडर्निझमचाच काळ, शहर न्यूयॉर्क, मग कृष्णवर्णीय लेखकांसाठी ‘हार्लेम रेनेसाँ’ असं स्वतंत्र लेबल का, हा आक्षेप रास्त आहे. उत्तर असं की हे नाव मागाहून रूढ झालं असलं, तरी ही ओळख बाहेरच्यांनी लादलेली नाही. दक्षिणेतला जाच आणि दारिद्र्य सोडून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांत आले. न्यूयॉर्कचं हार्लेम त्यांचं सांस्कृतिक केंद्र झालं. १९२५ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत अलेन लॉकनं ‘द न्यू नीग्रो’ हे संकलन काढून ही नवी पिढी स्वतःच जाहीर केली.

त्याआधी, १९०३ मध्ये, डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांनी एक संकल्पना मांडली होती: ‘दुहेरी जाणीव’. स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या, तेही आपल्याला हीन समजणाऱ्याच्या, नजरेतून बघावं लागणं. दलित आत्मकथनं वाचलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ मध्ये त्यांनी डुबॉइस यांना पत्रही लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून.

हार्लेममध्ये सगळे एका सुरात गात होते, असं मुळीच नाही. लँग्स्टन ह्यूजनं ब्लूज गाण्यांची लय कवितेत आणली. काही सुशिक्षित कृष्णवर्णीयांना ते गावठी वाटलं. झोरा नील हर्स्टननं ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’मध्ये (१९३७) फ्लोरिडाची बोली जशीच्या तशी लिहिली, तर कृष्णवर्णीय कादंबरीकार रिचर्ड राइटनंच टीका केली की ही गोऱ्यांच्या करमणुकीची सोय आहे. पुढे हर्स्टन विस्मरणात गेली. १९६० मध्ये गरिबीत वारली, थडग्यावर दगडही नव्हता. १९७३ मध्ये अ‍ॅलिस वॉकर ही लेखिका ते थडगं शोधत फ्लोरिडाला गेली आणि तिनं तिथे दगड बसवला.

## युद्धानंतरची घाई

दुसऱ्या महायुद्धानंतर लेबलांचा पाऊस पडतो; मी मोजकीच उचलतो. बीट पिढी: समृद्धी, नोकरी, घर या चाकोरीला लाथ मारणारे तरुण. त्यांच्यातला कवी ॲलन गिन्सबर्ग याच्या ‘हाउल’ या कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९५७ मध्ये न्यायालयानं ती अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. हाच गिन्सबर्ग १९६२-६३ मध्ये भारतात भटकला, मुंबईतही आला. आपल्या साठोत्तरी लघुअनियतकालिकवाल्यांच्या आठवणींत त्याचं नाव म्हणूनच येतं. कन्फेशनल कविता: रॉबर्ट लोवेल, सिल्व्हिया प्लाथ यांनी आजारपण, घर, आत्महत्येचे विचार थेट मांडले, हे नाव एका समीक्षकानं दिलेलं.

पोस्टमॉडर्निझमला लोक उगाच घाबरतात. मॉडर्निस्टांना अर्थ हरवल्याचं दुःख होतं. पोस्टमॉडर्निस्ट त्याच भंगारात खेळतात. कर्ट व्हॉनेगट दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावरच्या बॉम्बवर्षावात युद्धकैदी म्हणून कत्तलखान्याच्या तळघरात अडकला होता. ते लिहायला त्याला वीसेक वर्षं लागली. ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’मध्ये (१९६९) लेखक स्वतः डोकावतो, नायक काळात मागेपुढे घसरतो, परग्रहवासीही येतात. सरळ सांगून ते सांगताच येत नव्हतं, म्हणून हा उपद्व्याप.

## आणि ‘कॅनन’? हे सगळं राजकारणच ना?

कॅनन म्हणजे शाळा-कॉलेजांत शिकवायलाच हवीत असं मानलेली पुस्तकं. १९६८ मध्ये कायोवा या मूळनिवासी जमातीतल्या एन. स्कॉट मॉमडेची ‘हाउस मेड ऑफ डॉन’ आली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं आणि मूळनिवासी लेखकांकडे प्रकाशकांचं लक्ष गेलं. १९८७ मध्ये टोनी मॉरिसनचं ‘बिलव्हेड’ आलं, १९९३ मध्ये तिला नोबेल मिळालं. तेव्हापासून एक तक्रार ऐकू येते की आता गुणवत्ता बाजूला पडली, जात-वर्ण-लिंग पाहून यादी बनते.

तक्रार करणारे मेलव्हिलला विसरतात. ‘मोबी डिक’ त्याच्या हयातीत चाललं नाही. तो न्यूयॉर्कच्या जकात खात्यात निरीक्षकाची नोकरी करत राहिला आणि १८९१ मध्ये जवळपास विस्मृतीत वारला. १९२० च्या दशकात काही समीक्षकांनी त्याला उकरून काढलं, कारण त्यांना युरोपच्या तोडीचा अमेरिकन लेखक हवा होता. पुस्तक तेच, गरज बदलली. म्हणजे यादी कधीच आपोआप बनली नव्हती. निवड चुकू शकते, घाईची असू शकते, हे मान्य. पण पूर्वी ती सोवळी होती हे मात्र खरं नाही. आजही मॉरिसनची पुस्तकं शाळांच्या ग्रंथालयांतून काढा म्हणून तिकडे पालक भांडतात, आणि ‘हकलबेरी फिन’ही त्यातल्या वर्णद्वेषी शिवीमुळे वारंवार वादात सापडतं.

## मग वाचायला सुरुवात कुठून करावी?

मोबी डिकपासून नको. देवमाशांच्या जातींवरच्या प्रकरणापाशी निम्मे लोक गळतात. मेलव्हिलच हवा असेल तर ‘बार्टलबी’ घ्या: वॉल स्ट्रीटवरचा एक नकलनवीस, जो प्रत्येक कामाला सौम्यपणे नकार देत जातो. सरकारी कचेरीत काम केलेल्याला ती जास्तच आवडेल. डग्लसचं आत्मकथन शंभर-सव्वाशे पानांचं आहे आणि दोन बैठकींत होतं. एकोणिसाव्या शतकातलं हे बहुतेक सगळं कॉपीराइटमुक्त असल्यानं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. हर्स्टन विकत घ्यावी लागेल. तिची बोली पहिली वीसेक पानं डोळ्यांना टोचते. मोठ्यानं वाचलं तर लवकर सुटते.